भोकात बघायचं राहिलं

नोकरीनिमित्त दोन वर्षं घानात, अक्राला होतो. परतायच्या आठवड्यात गेस्ट हाऊसवर एक माणूस मण्यांच्या माळा घेऊन आला. एक माळ मिलेफिओरीची, म्हणजे रंगीत काचकांडीचे काप बसवून फुलं उमटवलेल्या मण्यांची. "व्हेनिसचे, शंभर वर्षांचे, एका सरदाराच्या घरातले," म्हणाला. व्हेनिसचे असे मणी पश्चिम आफ्रिकेत व्यापारासाठी जायचे, एवढं मी वाचलं होतं. अर्धवट वाचलेलंच नडलं. मणी मळकट, हाताला खरखरीत. घासाघीस करून बाराशे सेडी मोजले. वर पांढऱ्या गाभ्याच्या लाल मण्यांचा एक सर घेतला, 'डच, सोळाशे सालचा' म्हणून.

घरी आईने एक मणी उजेडाकडे धरला. "अरे, हे कुणी घातलेत कुठे? माझ्या पोतीतले बघ, भोकापाशी दोऱ्याने कसे गुळगुळीत झालेत."

मी भोकात सुई फिरवली. तळहातावर पांढरट भुकटी पडली. तारेवर मणी वळताना काच चिकटू नये म्हणून तारेला मातीसारखा लेप देतात, त्याची ती. जुन्या मण्यातही लेपाचा अंश सापडू शकतो, पण शंभर वर्षं दोरा फिरलेल्या भोकात तो इतका भुसभुशीत उरेल? मग भिंग काढलं. खरा मणी आधी टोकांना झिजतो, शेजाऱ्याला घासून. इथे टोकं कोरी आणि खरखर सगळीकडे सारखी, अगदी खाचांतसुद्धा.

लाल सराचं तर हसूच आलं. पांढऱ्या गाभ्याचे लाल मणी १९व्या शतकापासूनचे. त्याआधीच्यांचा गाभा हिरवट असायचा. आणि नावावर तर जाऊच नका. 'रशियन ब्लू' म्हणून विकले जाणारे पैलूदार निळे मणी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात घडलेले आहेत.

तारेवर वळलेले काचेचे मणी आपल्याकडे उत्तर प्रदेशात, हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरात आजही होतात. माझे तिथलेच निघाले, तर भारतातला माल भारतात आणायला मी बाराशे सेडी मोजले.

कुणी माळ दाखवली तर एक मणी सोडवून हातात मागा. मीही मागितला होता. "गाठ फार जुनी आहे, तुटेल," म्हणून त्याने सोडू दिली नाही. गाठ नायलॉनच्या दोऱ्याची होती.