काळ्या डेकमधली सहा बनावट कार्डे

मुंबईत मॅजिक: द गॅदरिंग खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली ‘तयार एकरंगी कमांडर डेक, शंभरही कार्डे अस्सल’ अशा जाहिराती येतात. अशाच एका जाहिरातीवरून मी अठरा हजार रुपयांना काळ्या रंगाचा डेक घेतला आणि त्यातली सर्वांत महागडी सहा कार्डे बनावट निघाली. उरलेली चौऱ्याण्णव कार्डे पूर्णपणे अस्सल आहेत आणि या फसवणुकीची खरी मेख त्या चौऱ्याण्णव कार्डांतच आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्यातल्या कमांडर या प्रकारात प्रत्येकाकडे बरोबर शंभर कार्डांचा डेक असतो, साध्या जमिनींची कार्डे सोडली तर कोणतेही कार्ड एकापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि प्रत्येक खेळाडूचे आयुष्य चाळीस गुणांपासून सुरू होते. डेकचा नायक (त्याचे नेतृत्व करणारे मुख्य कार्ड) ज्या रंगांचा, त्याच रंगांची कार्डे डेकमध्ये चालतात. नायक फक्त काळा असेल तर निळे, हिरवे, लाल, पांढरे काहीही घेता येत नाही. ‘स्वॅम्प’ नावाच्या दलदलीच्या जमिनींवर सगळा कारभार चालवावा लागतो.

नवख्या खेळाडूला एकरंगी डेक सोपा आणि स्वस्त वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो तसा असतोही. तीन रंगांच्या डेकमध्ये हवा तो रंग हवा तेव्हा मिळावा म्हणून महाग जमिनी भराभर घ्याव्या लागतात, तर काळ्या डेकमध्ये तीसेक साधे स्वॅम्प पुरतात आणि ते कोणीही मित्र फुकट देतो. ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल हे काळ्या डेकमधले लाडके कार्डसुद्धा २०१३ च्या थेरॉस संचात ‘कॉमन’, म्हणजे सहज मिळणारे, म्हणून छापलेले आहे. याचा परिणाम असा होतो की डेकची जवळजवळ सगळी किंमत पाचसहा कार्डांत साठते. कबाल कॉफर्स ही जमीन घ्या. दोन मना (जमिनींतून मिळणारी, कार्डे खेळायला लागणारी ऊर्जा) भरून ती वापरली की तुमच्याकडे जितके स्वॅम्प असतील तितका काळा मना मिळतो. तिच्या जोडीला उर्बोर्ग, टूम ऑफ योगमॉथ असेल तर पटावरची प्रत्येक जमीन, खुद्द कॉफर्ससुद्धा, स्वॅम्प ठरते. म्हणजे या दोघींसह एकूण आठ जमिनी असतील तर एरवी आठ मना मिळाला असता, तिथे तेरा मिळतो. ही जोडी आणि हवे ते कार्ड डेकमधून शोधून आणणारे दोन ‘ट्यूटर’ हाताशी असले की काळा डेक खऱ्या अर्थाने धावू लागतो. बनावट माल खपवणाऱ्याला शंभर कार्डे छापावी लागत नाहीत. इतकी मोजकी कार्डे छापली तरी त्याचे काम होते.

जाहिरातीतला डेक ‘के’रिक, सन ऑफ योगमॉथ’ या नायकाभोवती बांधलेला होता. कार्डाच्या किमतीतल्या काळ्या ‘मना’च्या प्रत्येक चिन्हामागे मना न भरता आयुष्याचे दोन गुण देण्याची मुभा हा नायक देतो, त्यामुळे आयुष्याचे चाळीस गुण हीच तिजोरी होऊन बसते. मला नेमका हाच डेक बांधायचा होता आणि बऱ्याच दिवसांपासून मी सुटी कार्डे जमवत होते, हे ग्रुपमध्ये सर्वांना ठाऊक होते. विक्रेत्याने मला वेगळा निरोप पाठवून फोटो दिले. ते फोटो उत्तम होते, कोपरे आणि कडा जवळून दाखवलेल्या होत्या, आणि आज माझी खात्री आहे की ते अस्सल कार्डांचेच होते. ‘ठाण्याचे दोघे जण मागे लागलेत, पण तुम्ही मनापासून खेळता म्हणून आधी तुम्हाला विचारतोय,’ असे सांगून त्याने तीन हजार रुपये आगाऊ मागितले. यूपीआयवर खातेदाराचे जे नाव दिसले ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. त्यावर ‘मोठ्या भावाचं खातं आहे’ हे उत्तर तयार होते.

भेटीची जागा त्यानेच ठरवली: दादर स्थानकाच्या पश्चिमेला, फुलबाजाराच्या तोंडाशी, संध्याकाळी सातच्या सुमारास. त्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, टोपल्या डोक्यावरून जात असतात, जमीन ओली असते आणि उजेड म्हणजे झेंडूच्या ढिगांवर टांगलेले पिवळे दिवे. शंभर कार्डे पसरून पाहण्याची सोय अशा ठिकाणी असूच शकत नाही. प्रत्येक कार्ड दुहेरी स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पाकिटांत, होते आणि बाहेरच्या स्लीव्हची पाठ काळी, अपारदर्शक होती. मी एक जमीन बाहेर काढू लागताच तो म्हणाला, ‘मॅडम, ते नका काढू, कार्डाला बोटं लागतात, किंमत पडते. हे घ्या, हे बघा,’ आणि त्याने के’रिकचे कार्ड स्वतः स्लीव्हमधून काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरले. अस्सल कार्डातून जितका प्रकाश आरपार यायला हवा तितकाच आला. खालच्या कडेवरचा लंबगोल होलोग्रामही चमकला. आणखी दोन कार्डे त्यानेच निवडून दाखवली आणि तीही अस्सल होती. मग त्याला अंबरनाथ लोकल पकडायची घाई झाली, उरलेले पंधरा हजार त्याच खात्यावर गेले आणि व्यवहार संपला.

पुढच्या रविवारी माटुंग्याला आमच्या नेहमीच्या मंडळींत खेळताना ग्रुपमधल्या एका ताईंनी माझे कॉफर्स हातात घेतले आणि काही न बोलता स्लीव्ह उतरवली. पाठीवरचा तपकिरी रंग शेजारच्या स्वॅम्पच्या पाठीपेक्षा किंचित लालसर होता. स्लीव्हमध्ये असताना हे दिसणे शक्यच नव्हते. या ताई पंधरा वर्षे खेळत आहेत आणि आमच्यात त्यांचा शब्द प्रमाण मानला जातो, पण मला छपाईतल्या जाणकाराचे मत हवे होते.

माझ्या मामांचा प्रभादेवीला ऑफसेट छापखाना होता. छापखाना बंद झाला, पण त्यांचे दहापट मोठे दाखवणारे भिंग अजून कपाटात आहे. त्यांनी आधी एक अस्सल स्वॅम्प भिंगाखाली ठेवला. चार रंगांचे बारीक ठिपके एकमेकांभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसले, आणि कार्डाच्या नावाची अक्षरे मात्र भरीव काळी, कडा सुरीने कापल्यासारख्या. मग त्यांनी कॉफर्स ठेवले. इथे पाकळ्या विस्कटलेल्या होत्या आणि अक्षरांच्या कडांना निळे, गुलाबी ठिपके चिकटलेले होते. ‘अगं, हे छापलेल्यावरून छापलंय,’ मामा म्हणाले. ‘मूळ कामात अक्षराची काळी प्लेट वेगळी असते, म्हणून अक्षर भरीव येतं. याने आख्खं कार्ड स्कॅन केलं, तेव्हा अक्षरही चित्रासारखं ठिपक्यांत फुटलं. आमच्याकडे असं काम आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.’ शेवटच्या वाक्यात संतापापेक्षा धंद्याचा अभिमान जास्त होता, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही. त्यानंतर आम्ही पाठ तपासली. पाठीवर पाच रंगांची पाच वर्तुळे असतात. त्यातल्या हिरव्या वर्तुळात, अस्सल कार्डावर, भिंगातून चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षराच्या आकारात स्पष्ट दिसतात. स्वॅम्पवर ते होते. कॉफर्स, उर्बोर्ग, दोन्ही ट्यूटर आणि आणखी दोन कार्डांवर त्या जागी नुसता लालसर डाग होता.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बनावट निघालेली सहाही कार्डे जुन्या छपाईची म्हणून विकलेली होती: कॉफर्स २००२ च्या टॉर्मेंट संचातले, उर्बोर्ग २००७ च्या प्लेनर केऑसमधले, व्हॅम्पायरिक ट्यूटर १९९७ च्या व्हिजन्समधला, याच धर्तीवर बाकीची. लंबगोल होलोग्राम हा २०१४ च्या मॅजिक २०१५ या संचापासून रेअर आणि मिथिक या दुर्मिळ दर्जांच्या कार्डांवर येऊ लागला. त्याआधीच्या कार्डावर होलोग्राम नसणे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे तो का नाही हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येतच नाही. कॉफर्स २०२१ मध्ये मॉडर्न होरायझन्स २ या संचात पुन्हा छापले गेले आणि त्या प्रतीवर होलोग्राम आहे. उर्बोर्गच्याही होलोग्राम असलेल्या प्रती मिळतात. ज्या डेकमधली स्वस्त कार्डे नव्या छपाईची आणि महागडी तेवढी सगळी होलोग्रामपूर्व काळातली आहेत, त्या डेककडे संशयाने पाहायला हवे. जुन्या छपाईचा शौक असलेला माणूस सहसा स्वॅम्पही जुनेच घालतो.

विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर पहिल्या दिवशी त्याने ‘मीही असेच घेतले होते, मलाही फसवलं’ असा पवित्रा घेतला, दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही टॉर्च मारून तपासून घेतलंत’ असे सुनावले, मग चार हजार परत देण्याची तयारी दाखवली आणि त्या बदल्यात ग्रुपवर काही लिहू नये अशी अट घातली. मी नकार दिल्यावर त्याने मला ब्लॉक केले.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सर्व ऐकून घेतल्यावर विचारले, ‘पत्त्यांचा डाव म्हणजे पैसे लावून खेळता का?’ जुगाराचा संशय दूर करण्यात बराच वेळ गेला. अशी वेळ इतरांवर येऊ शकते म्हणून सुचवते की तक्रारीत ‘पत्ते’ किंवा ‘डाव’ न लिहिता ‘संग्राह्य छापील कार्डांची विक्री, अस्सल सांगून बनावट माल’ असे लिहावे. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘शंभरही अस्सल’ हे लेखी वाक्य, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि अस्सल व बनावट कार्डांचे भिंगातून शेजारी-शेजारी काढलेले फोटो द्यावेत. भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे आणि कार्ड हातात दिले गेले म्हणून ते लागू होत नाही, असे काही नाही. सहा कार्डे मी पाकिटात सीलबंद ठेवली आहेत. मामांनी उत्साहाने एखादे फाडून, अस्सल कार्डात असतो तो मधला निळसर थर तपासण्याची तयारी दाखवली होती, पण पुरावा फाडू नये.

नकली कार्डाने खेळणे हा माझा आक्षेपाचा विषय नाही. घरगुती खेळात कागदाच्या चिठ्ठीवर ‘कॉफर्स’ लिहून स्लीव्हमध्ये सरकवणारे आमच्यातही आहेत आणि त्यांना कोणी हरकत घेत नाही. अधिकृत स्पर्धेत मात्र ते चालत नाही. चिठ्ठीला चिठ्ठी म्हणावे आणि तिचे हजारो रुपये घेऊ नयेत, एवढेच. तयार डेक घ्यायचाच असेल तर महाग कार्डांची यादी आधी मागवावी, त्यांचा भाव सुटा लावून घ्यावा, आणि भेट दिवसाउजेडी, टेबल असलेल्या जागी ठरवावी. कोणते कार्ड तपासायचे ते ग्राहकाने निवडावे. तुलनेसाठी त्याच काळातले स्वतःचे एक स्वस्त अस्सल कार्ड बरोबर न्यावे. टॉर्चवर भिस्त ठेवू नये, कारण चांगल्या कागदावरची नक्कल त्यात सहज पार पडते. दोनतीनशे रुपयांचे भिंग जास्त कामाचे ठरते. स्लीव्ह काढू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

माझा डेक आता कॉफर्सशिवाय चालतो. क्रिप्ट घास्टमुळे प्रत्येक स्वॅम्पमागे एक काळा मना जादा मिळतो आणि ते कार्ड परवडणारे आहे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नंबरवरून, एकरंगी हिरव्या डेकची जाहिरात आली आहे. फोटोत कार्डांखाली तीच निळ्या चौकटीची चादर आहे. या वेळी मुख्य आकर्षण गाया’ज क्रेडल ही जमीन आहे, १९९८ च्या अर्झाज सागा संचातली. ती कंपनीच्या राखीव यादीत असल्यामुळे तिची नवी, होलोग्रामची प्रत निघालेली नाही आणि निघणारही नाही. आगाऊ रक्कम पाच हजार मागितली आहे आणि भेटीची जागा कुर्ला स्थानकाबाहेरची, संध्याकाळचीच आहे. ती जाहिरात मी तपास अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. ज्यांना तसा निरोप आला असेल त्यांनी पैसे न पाठवता तो नंबर आणि खातेदाराचे नाव जपून ठेवावे.