घरगुती युरिक ॲसिड मीटर, पाचपैकी तीन स्टार

पाळी गेल्यानंतर युरिक ॲसिड वर सरकायला लागलं आणि दरवेळी लॅब गाठायचा कंटाळा, म्हणून हे थ्री-इन-वन मीटर घेतलं. शुगर, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड सगळं एकाच मशीनवर, पट्ट्या फक्त वेगळ्या.

वापरायला सोपं आहे. हात धुवून नीट कोरडे करायचे, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं म्हणजे कमी दुखतं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसऱ्या थेंबाला पट्टीचं टोक टेकवलं की ती रक्त आपोआप ओढून घेते. बोट पिळपिळून रक्त काढू नका, आकडा गंडतो.

आता अचूकपणा. एकाच सकाळी लॅबमध्ये 6.2 आणि घरी 6.8 आलं (mg/dL मध्ये). एरवी एवढा फरक मी सोडून दिला असता, पण बायकांसाठी बऱ्याच लॅब 6 च्या आसपास वरची मर्यादा धरतात आणि साधारण 6.8 च्या पुढे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, बारीक स्फटिक धरायची शक्यता वाढते, म्हणजे फरक पडला तोही नेमका नको तिथेच. त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नका, वर चाललंय की खाली एवढं कळायला मशीन बरं आहे.

खरा राग माहितीपत्रकावर आहे. तक्त्यात पुरुष आणि महिला असे दोनच रकाने, बस. अहो, इस्ट्रोजेन असतं तोवर किडनी युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकते, ते कमी झालं की आपले आकडे पुरुषांच्या दिशेनं सरकतात, हे एका ओळीत लिहायला काय झालं होतं? वर 6 ओलांडलं की स्क्रीनवर रडका चेहरा!! तो बघूनच बीपी वाढायचं.

माझ्या डॉक्टरांनी तो आकडा बघितला न बघितला आणि आधी बीपीची गोळी कुठली चालू आहे ते विचारलं, कारण लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळीनं युरिक ॲसिड वाढतं. मग कंबर मोजली, फास्टिंग शुगर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बघितले. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते, म्हणून हे सगळं एकत्र बघायचं असतं म्हणे. सांधा दुखत नाही, मुतखडा नाही, तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत.

आणि हो, अंगठा लाल होऊन सुजला आणि मशीन नॉर्मल दाखवतंय म्हणून घरी बसू नका, गाऊटच्या (सांध्यात हे स्फटिक साचून होणाऱ्या दुखण्याच्या) ॲटॅकमध्ये आकडा नॉर्मल येऊ शकतो.

ज्यांना गाऊटसाठी औषध चालू आहे आणि आकडा 6 च्या खाली ठेवायचाय त्यांनी डॉक्टरांना विचारून हे मीटर घ्यावं. बाकीच्यांनी त्यापेक्षा चांगलं बीपीचं मशीन आणि एक मोजपट्टी घ्या. पट्ट्यांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा, माझ्या निम्म्या मुदत संपून वाया गेल्या.