कुत्र्याला घेऊन बेटावर: देवबाग की दिवाडी?

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी कुत्री फिरवणारे आम्ही पाच-सहा जण आहोत आणि पाऊस ओसरला की सगळ्यांचा एकच विषय, कुत्र्याला घेऊन खाली कोकणात कुठं जायचं, त्यातही बेट पाहिजे, होडी पाहिजे. यंदा राजारामपुरीतल्या एका मित्रानं लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रा, घेतलाय, तो रोज विचारतोय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. आमचा खंड्या कारवानी जातीचा, चार वर्षांचा, सव्वीस किलो. त्याला घेऊन देवबागला एकदा आणि दिवाडीला तीनदा जाऊन आलोय.

आधी सिंधुदुर्ग किल्ल्याचं सांगतो, कारण बेट म्हटलं की आपल्याला पहिला तोच आठवतो. तर तिथं कुत्रं नेऊ नका. तो पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे आणि १९५९ च्या नियमांप्रमाणे अशा ठिकाणी जनावर आत न्यायला मनाई आहे. कुणी अडवत नाही असं सांगणारे भेटतात, पण आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, लोक भक्तिभावानं येतात, तिथं नियम मोडून कुत्रं फिरवणं मला तरी पटत नाही. किल्ला बघायचाच असेल तर दोघांनी आळीपाळीनं जायचं, एकानं कुत्र्याजवळ मालवणात थांबायचं.

मग उरतं मालवणजवळचं देवबाग. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. अंतर सोयीचं आहे, राधानगरी-फोंडा घाटानं पहाटे चारला निघालं तर नाश्त्याला तिथं. आणि खरं सांगतो, कुत्र्याला जो आनंद तिथं होतो तो दुसरीकडं कुठं बघितला नाही. ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं, वाळू ओली आणि घट्ट, लांब दोरी लावून खंड्याला सोडला तर वीस मिनिटं तो नुसता गोल गोल पळत होता, कान मागं, जीभ बाहेर, कारवानी पळताना बघायचा असेल तर अशीच जागा पाहिजे. फक्त किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेली असेल तिथं लक्ष ठेवा, कोळी लोक केंड मासा बाजूला टाकून देतात आणि तो विषारी असतो, कुत्र्यानं तोंडात धरायच्या आत दोरी खेचायची. गोडं पाणीही भरपूर न्या, खेळता खेळता खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले.

आता माझं मन जिथं फिरलं ते. परतीची होडी आपल्या हातात नसते. आम्हाला पाऊण तास सांगून सोडलं होतं. पाऊण तासानं होडी आली, पण दुसऱ्या ग्रुपला घेऊन गेली, "हयच थांबा, पाच मिन्टात येतंय" म्हणून. ऊन डोक्यावर, सावलीचं एक झाड नाही, आणि भरती लागलेली. आधी जिथं वाळूवर पिशवी ठेवली होती तिथं पाणी आलं, मग आम्ही सरकलो, परत पाणी आलं. बायको म्हणाली, "अहो, ह्याला धरा, हा थरथरतोय." जेट-स्कीच्या आवाजानं खंड्या आधीच बिथरला होता, शेपूट पोटाखाली, माझ्या पायात शिरून उभा. शेवटी होडी आली तर ती किनाऱ्याला लागेना, मांडीएवढ्या पाण्यात हलत उभी. सव्वीस किलोचं घाबरलेलं कुत्रं उचलून हलत्या होडीत चढवायचं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. त्याची नखं माझ्या खांद्यात रुतली, त्याचा मागचा पाय होडीच्या कडेला घासून सोलला. आठवडाभर लंगडत होता बिचारा. होडीवाला माणूस वाईट नव्हता, त्याचा धंदाच तसा आहे, ज्या ग्रुपची वेळ आधी संपली तो आधी. पण माणूस तासभर उन्हात थांबतो, त्याला कारण सांगता येतं, कुत्र्याला कसं सांगायचं?

दिवाडी ह्या बाबतीत एकदम वेगळी. गोव्यात मांडवीतलं बेट आहे, म्हणजे अगदी समुद्रात नाही हे मान्य, पण पाणी भरती-ओहोटीचं, वारा खारा. इथं फेरीबोट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून गाडी सरळ बोटीवर चढवायची, हँडब्रेक लावायचा, काच थोडी खाली, कुत्रं आपल्या जागेवर मागच्या सीटवर. काही मिनिटांत पलीकडं. उचलाउचली नाही, पाण्यात उतरणं नाही, आणि मुख्य म्हणजे परत यायची घाई नाही, ही फेरी गेली तर पुढची. पहिल्यांदा बोटीचं लोखंडी दार धाडकन धक्क्यावर पडलं तेव्हा खंड्या दचकला होता, तिसऱ्या वेळी त्यानं मान सुद्धा उचलली नाही.

आम्ही हल्ली नार्वेकडून जातो. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, मग नार्वे. तिथं सप्तकोटेश्वराचं मंदिर आहे, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं, आणि ह्या देवाचं मूळ स्थान पलीकडं दिवाडीवरच होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं म्हणून देव इकडं आणला. एकजण दर्शनाला, एकजण कुत्र्यापाशी, मग नार्वेच्या फेरीनं बेटावर. सकाळी खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगत बांध घालून केलेल्या शेतीच्या बाजूनं चालायला घ्या. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मधे पाणी अडवणारी मानस, म्हणजे बांधातली दारं, भरतीचं खारं पाणी आलं की त्याच्याच दाबानं दारं मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. खंड्या त्या दारापाशी पाच मिनिटं मान वाकडी करून आवाज ऐकत बसला होता.

पण दिवाडीचे तोटेही सांगायला पाहिजेत. पोहायला अजिबात सोडायचं नाही, शेजारच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, त्यामुळं काठाला दोरी आखूडच. गावातली कुत्री आपापल्या वाड्याची राखण करतात, अंगावर येतात, आम्ही गावातून जाताना खंड्याला गाडीतच ठेवतो आणि शेताकडं उतरवतो. गवतात गोचिड असतात, रात्री कानामागं, बोटांच्या मधे तपासायचं. आणि लांब पडतं, एका दिवसात जाऊन येणं कुत्र्यावर अन्याय आहे, मुक्काम धरूनच चला, आणि कुत्रं चालेल का हे बुकिंगच्या आधी फोनवर विचारा.

मित्राच्या लॅबला पाण्याचं वेड आहे, त्यामुळं तो देवबागला गेला तर मी नको म्हणणार नाही. फक्त त्यानं पूर्ण होडी स्वतःसाठी ठरवावी, ती तिथंच थांबेल असं आधी बोलून घ्यावं, पैसे जास्त गेले तरी चालतील. भरतीची वेळ त्या दिवशीची बघावी, ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं मागच्या रविवारची वेळ ह्या रविवारी कामाची नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर जाऊच नये, पाणी फार चढतं. पावसाळ्यात तिकडच्या होड्या बंदच असतात.

आमचं मात्र डिसेंबरचं दिवाडीचं ठरलंय. गाडीत मागं जुनी सतरंजी टाकली की खंड्या दार उघडायच्या आधीच जाऊन बसतो. देवबागहून आल्यावर दोन महिने तो पंचगंगेच्या घाटावरची नाव बघितली तरी मागं सरायचा.