ले मान्स की ९००एसएस? टॅपेटच्या दिवशी ठरतं

सत्तरच्या दशकातली इटालियन ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, घ्यायची म्हटलं की बहुतेकांची गाडी शेवटी या दोघींवर येऊन अडते: मोटो गुझ्झी ८५० ले मान्स आणि डुकाटी ९००एसएस. (लाव्हेर्दा या तिसऱ्या इटालियन कंपनीचे चाहते रागावतील, पण तीन सिलिंडरांचा संसार वेगळा.)

चालवायला डुकाटी सरस, हे आधीच कबूल करतो. पुढचा सिलिंडर जवळपास आडवा झोपलेला, म्हणून इंजिन लांब आणि व्हीलबेस १५०० मिमीच्या आसपास. अरुंद वळणात आळस करते, पण लांबलचक वेगवान वळणात रुळावरून चालल्यासारखी जाते. ४० मिमीचे डेलॉर्टो कार्ब्युरेटर गावातल्या गर्दीत खोकतात. सेल्फ नाही, फक्त किक; बुलेटवर पाय तयार झालेल्याला त्याचं काही वाटू नये.

गुझ्झीचा क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत बसवलेला. उभ्या गाडीत थ्रॉटल झटकला की ती उजवीकडे कलते. चालताना ते जाणवत नाही. शाफ्टचं, म्हणजे चेनऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, मात्र भान ठेवावं लागतं. थ्रॉटल दिला की मागची बाजू उचलते, मिटला की बसते. वळणाच्या मध्यात घाबरून मिटलात तर खालचा भाग रस्त्याला घासलाच म्हणून समजा. गिअर वळणाआधी पाडायचा आणि वळणभर थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा. पायाच्या ब्रेकने मागची डिस्क आणि पुढची डावी एकदम लागतात, हाताला उरते ती उजवी. सवय झाली की ओल्या रस्त्यावर याचाच आधार वाटतो.

आता टॅपेट, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप लावण्याचं काम. डुकाटीचे इंजिनिअर तालिओनी यांच्या डेस्मो रचनेत वाल्व बंद करण्याचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही. दुसरा रॉकर तो ओढून मिटवतो. म्हणजे वाल्व चार, पण गॅप आठ, आणि स्क्रू एकही नाही, सगळा शिमचा, म्हणजे मोजून बसवायच्या जाडीच्या तुकड्यांचा मामला. मिटवणारी शिम बदलायची तर वाल्वच्या दांड्यावरच्या दोन बारीक अर्धकड्या काढाव्या लागतात. त्या वेळी पिस्टन टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला नसेल तर वाल्व सरळ सिलिंडरात घसरतो. नव्या अर्धकड्या ठोके खाऊन बसतात, गॅप वाढतो, की पुन्हा तेच काम. हव्या जाडीची शिम नसेल तर घासत बसा. हे सगळं टाकी उतरवून. दिवस गेला.

गुझ्झीत इंजिन थंड असताना बेलहाउसिंगवरचं (फ्लायव्हीलभोवतीच्या आवरणावरचं) रबरी बूच काढायचं, फ्लायव्हीलवरची ‘डी’ (उजवा) किंवा ‘एस’ (डावा) खूण जुळवायची, त्या सिलिंडरचे दोन्ही वाल्व मिटलेत याची खात्री करायची, ०.२२ मिमीचा फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रू फिरवायचा आणि लॉकनट आवळायचा. दोन्ही हेड बाजूंना बाहेर आलेली, टाकीला हातही लागत नाही. चहा निवायच्या आत एक बाजू होते.

गुझ्झी निर्दोष नाही. ऑइल फिल्टर सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाच्या) आत, म्हणजे तो बदलताना सम्पचे सगळे बोल्ट काढणं आलं. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीच्या ले मान्सच्या बोअरवरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचा) क्रोमचा थर सुटतो आणि त्याचे कपचे तेलात फिरतात. पण त्यावर निकासिलचा टिकाऊ थर असलेले सिलिंडर बसवून मोकळं होता येतं. डुकाटीचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेला तर दाबून जोडलेला क्रँक उकलावा लागतो, आणि ते काम नीट करणारे हात शोधावे लागतात.

डुकाटीचे वाल्व चालवणारे बेव्हल गिअर समजणारा मेकॅनिक हाताशी असेल तर डुकाटी जरूर घ्या. नसेल तर गुझ्झी. फक्त पैसे मोजण्याआधी सम्पचं थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर काढून उन्हात धरा आणि चंदेरी चमक दिसते का बघा.