पाठीवरचा ब्लोअर: गौताळ्याच्या कडेला दोन उन्हाळे वापरून पाहिल्यावर

कन्नड तालुक्यात गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीला लागून आमच्या न्यासाचे म्हाताऱ्या, सोडून दिलेल्या आणि जखमी जनावरांसाठीचे नऊ एकरांचे आवार आहे. काम संपलेले बैल, भाकड गाई, चार गाढवे, अकरा शेळ्या आणि कधीच नेमकी मोजता न आलेली कुत्री मिळून पन्नासच्या आसपास जीव तेथे राहतात. आवाराच्या तीन बाजूंना मका आणि कपाशीची शेते आहेत. चौथ्या बाजूला कंबरभर कुसळी गवताचा उतार असून त्याच्या वर अंजन, सालई, पळस, धावड्याचे रान सुरू होते. १९८६ मध्ये घोषित झालेल्या आणि सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेल्या या अभयारण्यात बिबट्या, अस्वल, तरस आणि रोही (नीलगाय) आहेत, आणि मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघही येथे कॅमेऱ्यात टिपला गेला. त्यांच्या आणि आमच्या जनावरांच्या मध्ये जे गवत उभे असते, ते फेब्रुवारी उलटताच वाळून कडकडीत होते. त्या गवताच्या धास्तीनेच दोन वर्षांपूर्वी आम्ही पाठीवर घेण्याचा पेट्रोल ब्लोअर, म्हणजे नळीतून हवेचा जोरदार झोत मारून पालापाचोळा उडवणारे यंत्र, विकत घेतला.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. एकाच बांधणीचे यंत्र वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी विकले जाते, त्यामुळे पुढील मजकूर एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या यंत्राविषयी आहे असे समजावे. इंजिन टू-स्ट्रोक, ७५ सीसीच्या आसपासचे. पाठीवर अडकवायची चौकट, उजव्या हाताशी येणारी नळी आणि नळीच्या मुठीवर वेग कमीजास्त करण्याचा खटका. टाकी भरल्यावर वजन बारा किलोंच्या घरात जाते आणि एका टाकीत, पूर्ण वेगाने चालवल्यास, तास-सव्वा तास काम होते. आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाने ओरडून सांगितलेलेही कानी पडत नाही; खुणा आधीच ठरवून ठेवाव्या लागतात आणि कानात बोळे घालणे टाळता येत नाही.

विक्रेत्याने आम्हाला ते ‘आग विझवायचे मशीन’ म्हणून विकले. दोन उन्हाळ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की या यंत्राचे खरे काम आग लागण्याच्या महिनाभर आधीचे आहे, आणि ज्या दिवशी वणवा प्रत्यक्ष दारात येतो त्या दिवशी ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे साधन ठरते.

वनखाते १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरते आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला जाळून किंवा काढून मोकळा केलेला पट्टा, काढून ठेवते. अभयारण्याच्या आत जाळून पट्टा काढणे हे खात्याचेच काम आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने तेथे आग लावणे, पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे सर्वांनाच मना आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आमच्या हद्दीतल्या सहाशे मीटर कुंपणालगत आम्ही जाळत नाही. विळ्याने गवत कापून, ते चाऱ्यासाठी उचलून, उरलेला पालापाचोळा ब्लोअरने आतल्या बाजूला ढकलतो. पूर्वी याच कामाला चार बाया खराटे आणि दाताळे घेऊन दोन दिवस राबत. आता गवत कापून झाले की एक माणूस दीड तासात सहा मीटर रुंदीचा पट्टा मातीपर्यंत स्वच्छ करतो, आणि जमिनीत अडकलेली बारीक कुसळे, जी दाताळ्याला कधीच येत नाहीत, तीही निघून जातात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: ब्लोअर उभे गवत काढत नाही. आमच्या शेजारच्या एका बागायतदाराने न कापलेल्या गवतावर तो चालवून पाहिला आणि यंत्र निकामी असल्याचे सांगत तो गावभर फिरला.

पट्टा एकदा काढून भागत नाही. मार्चमध्ये पळस आणि सालईची पाने रोज गळतात, घाटातून येणारा दुपारचा वारा ती पुन्हा पट्ट्यावर आणून टाकतो, आणि आठवड्याभरात त्या स्वच्छ जागेवर आग चालून जाण्याइतका थर साचतो. खराट्याच्या काळात हे आठवड्याला करणे मजुरीच्या दृष्टीने शक्यच नव्हते, म्हणून आमची जाळरेषा फेब्रुवारीत असायची आणि एप्रिलमध्ये नसायची. दर सोमवारी सकाळी, वारा उठण्याआधी, तासभर ब्लोअर फिरवता येणे एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राला पूर्ण गुण देईन. मात्र पहिल्याच वर्षी एक अडचण अशी आली जिचा उल्लेख कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो. टिटवीला अंडी घालण्यासाठी उघडी, खडेमिश्रित जमीन लागते आणि आम्ही तिच्यासाठी सहाशे मीटर तशी जमीन तयार करून ठेवली होती. एप्रिलच्या सुरुवातीला कुंपणाच्या वळणावर चार अंडी दिसली. तेव्हापासून ब्लोअरवाल्याच्या पुढे एक माणूस पायी चालतो, घरट्याभोवती दगडांची खूण करतो, आणि तेवढा तुकडा हाताने झाडला जातो.

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस वणवा आला. खालच्या अंगाच्या कुण्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, दुपारी दोनच्या सुमारास वारा फिरला आणि ठिणग्या बांधावरून उतारावरच्या गवतात गेल्या. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावर आधारलेला आगीचा इशारा मोबाइलवर मोफत मिळतो आणि आम्ही त्यासाठी नोंदणी केलेली आहे, पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. धूर आधी आमच्या गुराखी मामांनी पाहिला. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवून झाले आणि मी, नवे यंत्र हाताशी असल्याच्या उत्साहात, गोठ्याच्या दारातच ब्लोअर सुरू केला. ही मोठी चूक होती. धुराच्या वासाने आधीच कान टवकारलेली जनावरे त्या आवाजाने उधळली, आणि बाहेर काढलेल्या गाईंपैकी तीन वळून पुन्हा गोठ्यात शिरल्या, कारण घाबरलेले जनावर आपल्या दावणीकडेच धावते, ती दावण पेटत असली तरी. मामा ओरडले ते मला खुणेनेच कळले, नंतर त्यांनी सांगितले की ते म्हणत होते, “आधी ते मशीन बंद करा, जनावरं बिथरायलेत!”

यंत्र बंद केले. त्यानंतरची वीस मिनिटे ब्लोअरचा कोणताही संबंध नव्हता आणि जनावरे त्याच वीस मिनिटांत वाचली. नांगरलेल्या काळ्या रानात, वारा आमच्याकडून आगीकडे जात होता अशा बाजूला, सगळी गुरे नेली. नायलॉनची दावी आणि म्होरक्या कापून काढल्या. नायलॉन तापले की वितळून कातडीला चिकटते आणि भाजण्याहून ती जखम वाईट असते. गोठ्याची दारे, आत कोणी नाही याची खात्री करून, बाहेरून लावून टाकली. कुंपणाच्या वरच्या कोपऱ्यातली जाळी दोन ठिकाणी कापून वर उचलली, कारण उतारावरून पळत येणारे ससे आणि रोही जाळीवर येऊन अडकतात आणि तेथेच होरपळतात. त्या वाटेने आत आलेली एक रोह्याची मादी आमच्या बैलांपासून पन्नास पावलांवर संध्याकाळपर्यंत उभी होती.

त्यानंतर ब्लोअर उपयोगी पडला, पण मर्यादेत. जेथे गवत विरळ आणि ज्वाळा गुडघ्याखाली होत्या, तेथे दोन माणसांची जोडी चांगली चालली: एकाने जळालेल्या जागेच्या दिशेने, ज्योतीच्या बुडाशी, तिरका झोत मारायचा, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही, दुसऱ्याने मागे राहून ओल्या पोत्याने आणि पळसाच्या डहाळ्यांनी उरलेले झोडपायचे. झोत उलट दिशेने, म्हणजे न जळलेल्या गवताकडे गेला, तर भात्याने लोहाराची भट्टी फुलवावी तसे होते. उतारावर मात्र आग चढाला वेगाने पळते आणि कुसळीच्या दाट पट्ट्यात ज्वाळा माणसाहून उंच झाल्या, तेव्हा ब्लोअरवाला आणि मी दोघेही सरळ मागे फिरलो. वणवा शेवटी थांबला तो आठवडाभरापूर्वी झाडलेल्या सहा मीटरच्या पट्ट्यावर. एका ठिकाणी वठलेल्या सालईचा पेटता खोड-तुकडा गडगडत पट्टा ओलांडून आला. तो पाण्यानेच विझवावा लागला, कारण अशा लाकडावर हवा मारणे म्हणजे निखारे आवारात उधळणे. तासाभरात वनरक्षक आणि हंगामी मजूर त्यांचे ब्लोअर घेऊन पोहोचले आणि वरची बाजू त्यांनी सांभाळली.

इंजिन तापलेले असताना पेट्रोल भरण्याचा मोह आगीच्या दिवशी फार होतो. ते जळते रान सोडून दूर, यंत्र खाली ठेवून, दहा मिनिटे थांबूनच भरावे. शक्य असल्यास सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. आमच्या यंत्राला ती होती, पण काजळीने भरून यंत्राचा जोर कमी होईपर्यंत ती अस्तित्वात आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

आग विझल्यानंतरच्या दिवसांत हे यंत्र कपाटात ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आवार लवकर साफ व्हावे म्हणून दुसऱ्या दिवशी राख उडवण्याची आमची इच्छा होती. पशुवैद्यकांनी ती वेळीच मोडून काढली. धुराने आधीच दुखावलेली फुप्फुसे आणि लाल झालेले डोळे असलेल्या जनावरांवर बारीक राखेचा लोट सोडणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. आम्ही पाणी शिंपडून राख बसवली आणि फावड्याने उचलली. हौद आणि पाणवठ्यातले राख पडलेले पाणी पूर्ण उपसून, घासून, मगच नवे भरले. दोन गाईंच्या कासेला आणि एका बैलाच्या खुरांना भाजले होते. त्यावर बराच वेळ साधे गार पाणी सोडत राहिलो, आणि प्रेमाने आणलेली हळद, तेल, टूथपेस्ट ज्याची त्याला परत दिली. १९६२ वर फोन केल्यावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना आला आणि पुढची मलमपट्टी त्यांच्या सांगण्यावरून झाली. त्यांनी बजावलेले दोन मुद्दे खरे ठरले: धुराचा त्रास एक-दोन दिवसांनीही वर येतो (एक कालवड तिसऱ्या दिवशी खोकू लागली आणि तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागली), आणि खुरांची इजा आठवडा उलटल्यावर लंगडण्यातून कळते.

जंगलाच्या बाजूला ब्लोअरचा आवाज आम्ही त्यानंतर तीन आठवडे होऊ दिला नाही. जळालेल्या उतारावरून खाली आलेले ससे, तित्तर आणि मोर आमच्या न जळलेल्या कोपऱ्यात दडून होते, आणि त्यांना पुन्हा उघड्या रानात हाकलण्यासाठी तो आवाज पुरेसा होता. पाय भाजलेली एक घोरपड सापडली, ती वनरक्षकांच्या ताब्यात दिली. वन्यप्राणी घरी ठेवून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तसे करूही नये.

आता पैशांचे आणि विक्रीनंतरच्या सेवेचे. आम्ही साडेअठरा हजार रुपये दिले. शहरातल्या ज्या दुकानातून यंत्र घेतले, त्याने पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण तोंडी चुकीचे सांगितले, पुस्तिका वेगळे सांगत होती, आणि पुस्तिकेचेच खरे होते. पहिल्या पावसाळ्यात आम्ही टाकीत पेट्रोल तसेच ठेवले. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जानेवारीत यंत्र बाहेर काढले तेव्हा कार्ब्युरेटरचा पडदा कडक होऊन यंत्र सुरूच होईना. दुकानाने ही हमीबाहेरची बाब ठरवली, सुटा भाग यायला सव्वीस दिवस लागले आणि आमची जाळरेषा त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कशीबशी झाली. त्यानंतर जूनमध्ये टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, मगच यंत्र ठेवतो. पडद्याचा एक जादा संच दोनशे रुपयांत घेऊन ठेवला आहे.

कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे वर्षभर सांभाळायची हद्द आहे, गवत कापणारे हात आहेत आणि दर आठवड्याला एक सकाळ देण्याची तयारी आहे, अशी गोशाळा, संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा रानाला लागून असलेली वस्ती यांनी जरूर घ्यावा. दोन-तीन वस्त्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. केवळ आगीच्या दिवसासाठी म्हणून घेणाऱ्याचे पैसे वाया जातील. चार-पाच किलोंचा हातात धरायचा छोटा ब्लोअर अंगण झाडायला बरा आहे, कुसळीच्या उतारावर त्याचा निभाव लागत नाही.

दुसरा ब्लोअर घ्यावा की नाही यावर आमच्या बैठकीत बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो घेतला नाही. त्याऐवजी धुमसते बुंधे आणि पट्टा ओलांडणारी लाकडे विझवण्यासाठी सोळा लिटरचे दोन नवे फवारणी पंप घेतले आहेत. गावात प्रत्येक घरी पंप असताना नवे का, असे काहींनी विचारले. पण ज्या पंपातून तणनाशक गेले आहे तो जनावरांच्या वावरात आणि त्यांच्या पाण्याजवळ आम्हाला नको होता. दोन्ही पंपांवर पांढऱ्या रंगाने ‘फक्त पाणी’ असे लिहून ते ब्लोअरशेजारीच टांगले आहेत.