'रिगार्ड' अंगठी घेण्याआधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडून बघा

७४० पौंड गेले, वर लेखी तपासणीचे ६०. इंग्लंडमधल्या एका अँटिक मेळ्यात पावतीवर 'व्हिक्टोरियन रिगार्ड रिंग, १५ कॅरेट, बर्मिंगहॅम १८८६' असं लिहून जे माझ्या गळ्यात मारलं, त्यात १८८६ चं फक्त अर्धं वेढं आहे.

रूबी, एमराल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा रूबी, डायमंड. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'रिगार्ड', म्हणजे स्नेह, आदर. पैसे मोजतो ते या चोरट्या प्रेमनिरोपाचे. नुसत्या जुन्या वेढ्याला एवढे कोण देतं?

शिक्के खोटे नाहीत, हीच तर मेख. बर्मिंगहॅमची खूण असलेला नांगर, १५ कॅरेटचे १५ आणि .६२५, वर्षाचं अक्षर, सगळं अस्सल. साध्या जुन्या वेढ्याचा शिक्क्याकडचा भाग कापायचा आणि त्याला नवा ओतीव माथा, म्हणजे खडे बसवलेला वरचा भाग, झाळायचा. शिक्के पुस्तकाशी ताडून बघितले, जुळले. जुळणारच! आणखी काय करायचं होतं?

राग येतो तो एकाच गोष्टीचा. दोन्ही खांद्यांपाशी सोन्याचा रंग बदलत होता: खाली लालसर, वर फिका, मध्ये केसाएवढी रेघ. विक्रेता म्हणाला, माप वाढवलंय. अहो, माप वाढवताना जोड वेढ्याच्या तळाशी येतो, खांद्यांवर कशाला येईल? पण तिथला पिवळा दिवा, मागे खोळंबलेली माणसं. वाफ सोडली असती तर रेघ तिथेच उठून दिसली असती.

खडेही बोलत होते. दहापट भिंगाखाली दोन्ही माणकांत वक्र रेघा, म्हणजे ज्वालेत बनवलेली, कृत्रिम. ती पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. एखादा खडा नंतर बदललेला असू शकतो, पण दोन्ही एकाच घाण्यातले? ॲमेथिस्टची कठीणता ७, धुळीतल्या वाळूइतकीच. शंभर वर्षं बोटात राहिलेल्याच्या कडा बोथट हव्यात, याच्या कोऱ्या करकरीत. माथ्याच्या आतल्या अंगाला ओतकामाची बारीक छिद्रं. माथा उलटा करून बघितल्याशिवाय पाकीट काढू नका.

१९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार शिक्का असलेल्या दागिन्यात शिक्का मारणाऱ्या कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय भर घालणं गुन्हा आहे. मग? पोलीस म्हणाले दिवाणी बाब, ऑनलाइन अर्ज भरा. ग्राहक हेल्पलाइनने 'माहिती पुढे पाठवली'. कौन्सिलचं खातं म्हणे एकेकट्या ग्राहकाला उत्तर देत नाही. कायदा यांचा, अंमलबजावणी यांची, आणि कलम मी वाचून दाखवायचं! बँकेचं तर औरच: पैसे तुम्हीच पाठवलेत, वस्तू मिळाली ना?

सांगितलेली किंमत ७८०. बँक ट्रान्सफर केलं तर ४० कमी, म्हणून कार्ड राहिलं खिशात. क्रेडिट कार्डावर १०० पौंडांच्या वर ३०,००० पर्यंतच्या वस्तूला कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत परत करा, पत्रव्यवहारात मुदत घालवू नका. पावतीवर 'माथा आणि वेढं एकाच काळातलं' हे लिहून मागा. कां-कूं केली तर उठा.

त्याच विक्रेत्याकडे आता तशाच आद्याक्षरांची 'डिअरेस्ट' अंगठी आलीय. शेवटचं अक्षर 'टी', म्हणजे शेवटचा खडा टोपॅझ हवा. यादीत लिहिलंय सिट्रीन.