'ॲस्पेन'च्या पिशवीत देवदार

माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे. अमेरिकेतला, बिनविषारी. (धामण, अजगर असले आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ते विचारू नका.) त्याच्या पेटीत अंथरायला ॲस्पेन लाकडाचा भुसा चांगला. इंदुरात मिळेना, म्हणून इन्स्टाग्रामवरच्या एकाकडून मागवला. दोन किलो, १४०० रुपये, पैसे आधी, यूपीआयने. बिल मागितलं तर "भैया, भरोसा रखो." तिथेच थांबायला हवं होतं.

पिशवी फोडली तर ढलप्या तांबूस आणि खोलीभर वास. आजी देवघरातून उठून आली, मूठभर नाकाशी नेली नि म्हणाली, "अरे, हा तर देवदार! बाळंतकाढ्यात घालतात तो." ॲस्पेन पांढुरका असतो, वास जवळजवळ नसतोच, हे मला ठाऊक होतं. तरी विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, नॅचरल वास आहे, यानेच माइट्स (सापाच्या अंगावरचे बारीक किडे) लांब राहतात. आणि मला ते पटलं! देवदाराच्या तेलाने किडे पळतात हे खरंच. पण त्याच वासात साप चोवीस तास पडून राहणार, हे काही डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी साप मान उंच करून, तोंड उघडून बसलेला. नाकपुडीशी बारीक बुडबुडा, कान जवळ नेला की टिकटिक. डॉक्टर म्हणाले, याचं डावं फुप्फुस नावापुरतं, सगळा कारभार उजव्यावर. शिवाय आपल्यासारखं खोकून मोकळं होता येत नाही. देवदार, चीड (पाइन) यांचं उग्र तेल श्वासाला बाधतं. आजार त्यानेच झाला हे छातीठोक सांगता येणार नाही, पण भुसा आजच काढा. मग इंजेक्शनं. महिनाभराने त्याने उंदीर खाल्ला तेव्हा जिवात जीव आला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. "पिशवी उघडलीत, आता परत नाही," आणि ब्लॉक. वखारीतला मिस्त्री ढलपी बघून हसलाच: रंधा मारला की असला माल पोत्याने निघतो. पोतं केवढ्याला, ते मी विचारलं नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केलीय. पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट तेवढा आहे.

मागवलाच तर मूठभर भुसा डब्यात घ्या, कोमट पाणी शिंपडून झाका आणि दहा मिनिटांनी हुंगा. उग्र वास आला तर पेटीत घालू नका. माझ्या पेटीत सध्या वर्तमानपत्र आहे. उरलेला भुसा आजी संध्याकाळी धुपाटण्यात घालते, डासांसाठी.